‘मी जातो’ की ‘मी जाते’?

“आमचा बारावीतला मुलगा गेले वर्षभर घरात ‘मी जाते, मी जेवते’ असे बोलतो. रागावले की गप्प बसतो, जेवत नाही. रक्त तपासले, सर्व ठीक आहे. कोणते औषध द्यावे? की एकवीस पूर्ण होताच लग्न उरकावे?” अशा आशयाचे पत्र एका मातेने या सदराकडे पाठविले आहे. अशी पत्रे पूर्वीही आली, पण ती बहुधा निनावी असत. या माउलीने खाली सही केली आहे, म्हणून (नाव-गाव न देता) सविस्तर उत्तर देत आहे.

मराठी भाषेची यात एक गंमत आहे. इंग्रजीत किंवा बंगालीत ‘मी जातो’ म्हणणारा बाप्या की बाई हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत मात्र तोंड उघडले की कळते. (कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी जातो’ म्हणतात, त्यांना कोणी दवाखान्यात नेत नाही, ही गोष्ट वेगळी!) त्यामुळे मनात बरीच वर्षे दडलेली गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा क्रियापदातून प्रथम बाहेर पडते. चार दिवस थट्टेने कोणी असे बोलले तर त्याचे काही मानू नये. वर्षभर, बोलणी खाऊनही जो तसेच बोलतो, त्याला काही सांगायचे असते.

आपण येथे चार निरनिराळ्या गोष्टींची एकच मोळी बांधतो. शरीर कोणते, ही एक. आपण पुरुष आहोत की स्त्री, ही आतली जाणीव दुसरी. कपडे, चालणे, बोलणे ही तिसरी आणि ओढ कोणाची वाटते ही चौथी. या एकमेकींना बांधलेल्या नाहीत. बालगंधर्वांचेच पाहा. त्यांची भामिनी पाहून घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, पण रंग उतरल्यावर ते नारायणराव राजहंस म्हणून पुरुषाचेच आयुष्य जगले. ‘नटरंग’ चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातला गुणा आठवत असेल. तो पहिलवान गडी, नाच्याचे काम पत्करतो आणि गाव त्याला नको ते ठरवून मोकळे होते. हावभावावरून मनाची जाणीव ओळखू पाहणारे असेच फसतात. बाहुली खेळणारा प्रत्येक मुलगा किंवा झाडावर चढणारी प्रत्येक मुलगी यात मोडत नाही, हेही यावरून लक्षात येईल.

बहुतेकांची आतली जाणीव शरीराशी जुळते. चप्पल मापाची असली की पायात चप्पल आहे हेही आठवत नाही, तसे आपले होते. काहींची जुळत नाही. शरीर मुलाचे आणि जाणीव मुलीची, किंवा याच्या उलट. काहींना आपण धड पुरुषही नाही, स्त्रीही नाही, किंवा थोडे थोडे दोन्ही आहोत असे वाटते आणि ते तसेच आयुष्यभर राहते. अशांचा ‘अजून निर्णय होत नाही’ असे समजून त्यांच्यामागे लागू नये. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. घरच्यांच्या भीतीने ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ लिहिणारे त्यात नाहीत, हे उघड आहे.

हे कशाने होते? याचे एकच एक कारण शास्त्राला सापडलेले नाही. बहुतेकांची गुणसूत्रे व रक्तातील हार्मोन नेहमीसारखेच निघतात, म्हणून वरील पत्रातील रक्ततपासणी ‘ठीक’ आली यात नवल नाही. “लहानपणी हौसेने फ्रॉक घातला, त्याचे फळ,” असे अनेक आया रडत सांगतात. त्यांना मी जुनी गोष्ट सांगतो. पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत तेथे मुलाचे नाक टोचून, त्याला मुलीसारखे नटवून वाढवीत, म्हणजे दृष्ट लागू नये. ती मुले पुढे मिशा फुटलेले बापेच झाली! फ्रॉकने मुलगी होत नाही आणि चड्डी-सदऱ्याने मुलगा होत नाही.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असेही ऐकू येते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला जाणाऱ्यांनी तरी तसे म्हणू नये. लुगडे नेसून डोक्यावर जग घेणारे जोगते आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या परंपरेतील मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जोगत्याच्या परडीत आपण जोगवा घालतो, पाया पडतो, आणि तसे मूल स्वतःच्या घरात निघाले की दाराला आतून कडी लावतो. असो.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या नव्या यादीत हा विषय मानसिक विकारांतून काढून टाकला. ती यादी २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तेव्हा ही जाणीव बदलण्याचे औषध विचारू नये, ते नाही. शॉक, पुरुषी हार्मोनची इंजेक्शने, भगताकडचा मार यांनी मूल फक्त खचते. अशी ‘बदलण्याची’ चिकित्सा करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळविले आहे.

आता लग्नाविषयी. येथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. मूल होत नाही म्हणून सासू सुनेला तपासायला आणते. दोन-दोन वर्षे त्या मुलीच्या सोनोग्राफ्या, उपास, अंगारे चालतात. नवरा एकदा एकटा येतो, दार लोटून घेतो आणि सांगतो की आमच्यात कधी काही झालेच नाही, मी मनाने पुरुष नाही, घरी लग्नाआधीच सांगितले होते. माझ्या दवाखान्यात हे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. घरच्यांना ठाऊक असते, सुनेला नसते. मुलाला बरे करायला परक्याची मुलगी वापरायची, हा उपचार नव्हे, फसवणूक आहे.

मूल गप्प झाले की शरीरावरही परिणाम होतात, ते पालकांनी ओळखावेत. शाळा-कॉलेजच्या मुतारीत चिडवतात म्हणून ही मुले दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. मग जळजळ, ताप सुरू होतो. मुलगी म्हणून वाढलेली काही मुले छाती दिसू नये म्हणून फडक्याने करकचून आवळतात. त्याने धाप लागते, कातडी सोलवटते. सर्वांत धोक्याचे म्हणजे औषधाच्या दुकानातून संततिप्रतिबंधक गोळ्या आणून मनाने खाणे. मूठभर गोळ्यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती फुफ्फुसात गेली तर प्राण जातो. एका पायाला एकाएकी सूज व दुखणे आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. भोंदूकडून लिंग कापून घेतल्याने रक्तस्रावाने मरण येते, वाचलेच तर लघवीचा मार्ग आकसतो. हार्मोन व शस्त्रक्रिया यांची रीतसर सोय मोठ्या शहरांत आहे, पण ती सज्ञान झाल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. सर्वांनाच ती हवी असते असेही नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आपली लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. त्यानंतर २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. दाखल्याचे नियम बदलत असतात, ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावेत.

पत्र लिहिणाऱ्या ताईंनी इतके करावे. मूल ज्या क्रियापदात बोलते, त्यावर टोकू नये. शेजारच्यांना काय सांगायचे हे त्यालाच विचारावे. जेवण, झोप, अभ्यास सुटला असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे, ‘बदलायला’ नव्हे, त्याचे दुःख हलके करायला. ‘जगून काय करू’ अशी भाषा ऐकू आली तर त्याला एकटे सोडू नये आणि सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

जन्मतःच ज्या बाळाची इंद्रिये स्पष्ट नसतात त्याविषयी दोन पत्रे आली आहेत. तो विषय वेगळा आहे. त्यावर पुढील आठवड्यात लिहीन. तोवर, असे बाळ उलट्या करीत असेल, सुकत असेल, तर लेखाची वाट न पाहता ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.