कोड्यातला तळीराम

हे बघ बाई, ‘एकच प्याला’ नाटकातील एक पात्र, चार अक्षरी, असं तू लिहिलंयस. आता तूच सांग, सोडवणारीनं काय भरावं? सुधाकर चार अक्षरी, तळीराम चार अक्षरी, रामलालही चारच आणि भगीरथसुद्धा! जिनं नाटक वाचलंय तीच जास्त गोंधळेल. त्यापेक्षा ‘सुधाकरला प्याल्याची चटक लावणारा’ असं लिही. मग तळीरामाशिवाय दुसरं कुणी बसतच नाही. आणि जिनं गडकरी वाचलेच नाहीत, तिलाही वाटेल, कोण गं हा सुधाकर, पुढं काय झालं त्याचं?

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, तुझं कोडं कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लागणार, म्हणून एवढं जीव तोडून सांगायलेय. सोनपेठच्या कितीतरी पोरींनी ही नाटकं रंगमंचावर पाहिलेली नाहीत. त्यांना ‘लेखक कोण, साल कोणतं’ असं परीक्षेसारखं विचारू नकोस. प्रसंग दे. कुसुमाग्रजांचंच ‘नटसम्राट’ घे: ‘सगळी मिळकत मुलांना वाटून टाकणारे नट गणपतराव, आडनाव सांगा (6)’. बेलवलकर. एवढंच पुरे. शेवट मात्र कुठल्याच नाटकाचा फोडू नकोस, तो त्यांचा त्यांनी वाचू दे.

‘संशयकल्लोळ’ तर कोड्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. मूळ कथानक मोलिएरचं, देवलांकडं ते इंग्रजीतून आलं. पण पात्रांची नावं त्यांनी महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेवली: फाल्गुनराव, आश्विनशेठ, कृत्तिका, रेवती. ‘बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहून बिथरणारा; नावात महिना आहे (5)’. यात गोष्टही आली आणि आधारही मिळाला. जोडाक्षर एकाच घरात बसतं, तेव्हा ‘ल्गु’ फोडू नकोस. फाल्गुनरावातलं चौथं अक्षर ‘रा’, तळीरामातलं तिसरं. या दोघांना तिथंच एकमेकांत अडकव. नाटक ठाऊक नसलेली पोरगी एकावरून दुसऱ्यापर्यंत पोचेल.

आणि सगळी पुण्या-मुंबईचीच मंडळी कशाला गं? जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडची. ‘दळताना विठ्ठलाला हाताशी बोलावणारी (4)’ असं लिहिलंस तर जात्यावर बसलेली आजीसुद्धा उत्तर सांगेल, आणि घरात मोठ्यानं वाचलं जाणारं कोडं मला फार आवडतं. बी. रघुनाथही घे. ‘आडगावचे कोण? (3)’: चौधरी. हे नुसतं कादंबरीच्या नावावरचं झालं, पण परभणीच्या लेखकासाठी एवढी सूट घ्यावीच.

‘एकच प्याला’तली सिंधू घालणार असशील तर आधी ‘धू’ला छेदणारा शब्द शोध. तिथं ‘धु’ आलेला चालायचा नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाची तडजोड करून कोडं जुळवू नकोस. उत्तरांपुढं पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिही. ग्रंथपाल सरांना सांगून तेवढी पुस्तकं आधीच कपाटातून काढून ठेव. उत्तरं लागली की पोरी मागायला येतील.