अंधारखोलीतून संगणकाकडे : कृष्णधवल छायाचित्राची छपाई

कृष्णधवल छायाचित्र हे इतिहासाचे प्राथमिक साधन आहे. म्हणून ते कसे छापले जाते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

अंधारखोलीत लाल दिव्याच्या उजेडात, एन्लार्जरमधून निगेटिव्हची प्रतिमा सिल्व्हर ब्रोमाइडच्या कागदावर पाडीत. डेव्हलपरमध्ये प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी होई. हायपो उरलेले क्षार विरघळवून चित्र स्थिर करी. शेवटची धुलाई अपुरी राहिली, तर कागदात उरलेला हायपो कालांतराने चित्र पिवळे पाडतो. घरातील १९५६ च्या धम्मदीक्षेचे छायाचित्र पिवळे पडत असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच.

आता स्कॅनर प्रतिमेचे बिंदू करतो. २४ × ३६ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर दर मिलिमीटरला १०० बिंदू घेतले, तर २४०० × ३६०० बिंदू मिळतात. इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात त्यांतून ८ × १२ इंचांचे चित्र निघते. प्रिंटरमध्ये करड्या शाया असाव्यात; केवळ रंगीत शायांच्या मिश्रणाने चित्रावर हिरवट वा जांभळट झाक येऊ शकते.

फेरफार अंधारखोलीतही होत. आता ते क्षणात होतात. गर्दीतला एखादा अनोळखी चेहरा पुसला, तर त्या माणसाची चळवळीतील एकमेव नोंदही पुसली जाऊ शकते. म्हणून मूळ स्कॅन जसाच्या तसा जपावा, दुरुस्ती प्रतीवर करावी आणि तारीख, स्थळ, नावे जाणत्यांना विचारून लिहून ठेवावीत. निगेटिव्ह मात्र टाकू नये. शंका आली, की साक्ष तिचीच.