थंडीत जाळं कुठं अन् कधी टाकायचं?

ताईंनो, पौषात पहाटे गार पाण्यात उतरायचं अन् जाळं रिकामंच! गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. मग तलावातली मासळी संपली का? नाही. पाणी गार झालं की मासा कमी फिरतो, कमी खातो. लावून ठेवलेल्या जाळ्यात तो फिरला तरच अडकतो, म्हणून मिळकत घटते.

मग काय करायचं?

१. मामा तलावात रात्रीचं जाळं पाळीजवळच्या खोल पाण्यात लावा. उथळ पाणी रात्री लवकर गार होतं. मृगळ तळाशी राहतो, म्हणून जाळं तळापर्यंत सोडा.

२. फेकायचं जाळं दुपारी वापरा. उन्हानं काठचं पाणी कोमट होतं, तिथं मासा येतो.

३. वैनगंगेत धारेपेक्षा संथ डोह बघा.

४. बारीक आसाचं जाळं नको. आज सोडलेला लहान रोहू उन्हाळ्यात वजन धरतो.

५. अंगावर लाल जखमा दिसल्या तर तो मासा विकू नका. मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

आठ दिवस वेळ, जागा अन् वजन वहीत लिहा. पुढच्या बैठकीत वह्या जुळवून बघू.