लाइन कोण खातंय, ते आधी मोजा

पनवेलमध्ये छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळायचं काम मी करतो. सीए, दवाखाने, क्लासेस, ट्रान्सपोर्टवाले असे माझे लोक. 'नेट स्लो आहे' ही तक्रार रोजची, आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला: प्लॅन वाढवा. या उपायापायी लोकांचे पैसे पाण्यात गेलेले मी पाहिलेत. पैसे भरण्याआधी मोजायला हवं, आणि मोजायची साधनं फुकट मिळतात, हे मी तळमळीने का सांगतो ते एका प्रकरणावरून कळेल.

टपाल नाक्याजवळ एका सीएंचं ऑफिस आहे. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. अकरा तारीख कशीबशी निभायची, पण वीस तारीख जवळ आली की लाइन मान टाकायची. पोर्टलवर फाइल चढवायला घेतली की चक्र फिरत राहायचं, आणि मुदत टळली की लेट फी अशिलाच्या बोडक्यावर. पुरवठादाराला फोन केला की उत्तर एकच, "सर, तुमचा एफयूपी संपलाय. वरचा प्लॅन घ्या." साहेबांनी घेतला. थोड्याच दिवसांत तोही संपला. ऑफिसात माणसं मोजकी, काम सगळं पीडीएफ आणि एक्सेलचं. मग एवढा डेटा जातो कुठे? संशय गेला तो आर्टिकलशिपला नव्याने लागलेल्या पोरावर. "हाच मोबाईलवर काहीतरी बघत बसतो." पोरगं बिचारं रडकुंडीला आलं होतं. मला बोलावलं तेव्हा त्याचा वायफाय पासवर्ड काढून घेतलेला होता आणि लाइन तशीच रडत होती.

'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा, म्हणजेच एफयूपी, असते. आकडा ऐकायला अफाट वाटतो. पण हिशेब करून बघा. १० एमबीपीएसचा प्रवाह अखंड चालू राहिला, तर तासाला साडेचार जीबी, दिवसाला १०८ जीबी, तीस दिवसांत ३२४० जीबी. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनीचा फक्त दहावा भाग रात्रंदिवस कोणी वापरला, तरी महिन्याचा कोटा जवळजवळ संपतो. स्पीड टेस्टवर हे कधीच दिसणार नाही. ती त्या क्षणापुरती लाइन तपासते, शिवाय स्वतः डेटा खाते. तुम्हाला हवा असतो तो महिनाभराचा जमाखर्च.

मोजायचं कुठे, हा पहिला प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण फसतात. एखाद्या कॉम्प्युटरवर मीटर बसवला तर त्या कॉम्प्युटरपुरतंच कळतं. सोसायटीत पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं तर मीटर मेन लाइनवर लागतो, एका फ्लॅटच्या नळावर लावून भागत नाही. ऑफिसातला सगळा डेटा जिथून आत-बाहेर जातो तिथेच मोजणी हवी. मी एक जुना डेस्कटॉप घेतला, त्याला दोन लॅन कार्डं लावली, त्यावर लिनक्स चढवलं आणि तो पुरवठादाराची लाइन आणि ऑफिसचा स्विच यांच्या मध्ये बसवला.

त्यावर पहिलं टाकलं ते व्हीएनस्टॅट. फिनलंडच्या तेमू तोइवोला यांनी लिहिलेलं हे साधन २००२ पासून चालत आलंय. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते डेटाचं पाकीट उघडून बघत नाही. लिनक्सचा गाभा प्रत्येक कार्डावरून किती बाइट आले-गेले याची मोजदाद ठेवतच असतो. व्हीएनस्टॅट तेवढे आकडे वाचून वहीत टिपून ठेवतं. त्यामुळे जुन्यात जुन्या मशीनवरही त्याचा भार जाणवत नाही. नुसतं व्हीएनस्टॅट लिहिलं की सारांश येतो, पुढे डॅश डी लिहिलं की दिवसवार, डॅश एम लिहिलं की महिनावार, आणि डॅश एच लिहिलं की तासवार.

हा तासवार तक्ता म्हणजे खरा साक्षीदार. दोन रकाने महत्त्वाचे: आरएक्स म्हणजे आत आलेलं, टीएक्स म्हणजे बाहेर गेलेलं. दिवसाचे आकडे अपेक्षेप्रमाणे होते, सकाळी दहानंतर आरएक्स चढलेला, जेवणाच्या सुट्टीत उतरलेला. पण रात्री दोन ते चार, ऑफिसला कुलूप असताना, आरएक्स जेमतेम आणि टीएक्स मात्र तासाला अठरा जीबीच्या घरात. म्हणजे कुलूपबंद ऑफिसातून ४० एमबीपीएसने काहीतरी बाहेर ओतलं जात होतं. हा तक्ता मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, पोराला केबिनमध्ये बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा काही संबंध नाही रे यात." प्लॅनवर गेलेल्या पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं.

व्हीएनस्टॅट किती ते सांगतं, कोण ते सांगत नाही. त्यासाठी आयएफटॉप. हे चालवायला रूटचे अधिकार लागतात, कारण ते कार्डावरून जाणारी पाकिटं बघतं. डॅश एन लावलं की पत्त्यांची नावं शोधण्यात वेळ घालवत नाही, मोठा पी लावला की पोर्ट क्रमांक दिसतात. आणि ते आतल्या बाजूच्या कार्डावरच लावायचं. बाहेरच्या कार्डावर लावलंत तर सगळ्या ऑफिसचा डेटा एकाच पत्त्याच्या नावावर दिसतो, कारण तिथे पोचेपर्यंत गेटवेने, म्हणजे आपल्या या मशीनने, आतले पत्ते बदललेले असतात. पडद्यावर प्रत्येक ओळीत एक आतला पत्ता, एक बाहेरचा, आणि उजवीकडे तीन आकडे: गेल्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी. शेवटच्या रकान्यावर नजर ठेवावी, तिथे टिकून राहिलेला आकडा खरा.

रात्री मी घरून त्या मशीनमध्ये शिरून बसलो. एकच आतला पत्ता, शेवटी ५० असलेला. त्याच्यासमोर बाहेरचे पत्ते भराभर बदलत होते आणि प्रत्येकाचं पोर्ट २३, म्हणजे टेलनेट, दुरून मशीनमध्ये शिरायचं जुनं दार. मध्येच हे थांबायचं आणि त्याच ५० वरून परदेशातल्या एकाच पत्त्यावर भरधाव प्रवाह सुरू व्हायचा. सकाळी शोधलं तर ५० म्हणजे सीसीटीव्हीचा डीव्हीआर. मालकांना मोबाईलवर कॅमेरे बघता यावेत म्हणून बसवणाऱ्याने राउटरवर पोर्ट उघडून दिलेलं आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवलेला. कुणीतरी बाहेरून त्यात शिरलं होतं. तो डीव्हीआर आता रात्री दुसऱ्यांची दारं ठोठावत होता आणि हुकूम आला की कोणावर तरी डेटाचा मारा करत होता.

ही लक्षणं मिराई नावाच्या मालवेअरच्या कुळातली. २०१६ मध्ये मिराईने जगभरातले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्याच वर्षी जुलैत मुंबई परिसरातल्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांवरही डेटाचा मारा झाला होता आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं होतं. आपल्या भिंतीवरचा डबा अशा माऱ्यात भाडोत्री सैनिक होऊ शकतो, हे लोकांना अजून पटत नाही.

मिराई फक्त मेमरीत राहतं. डीव्हीआर बंद-चालू केला की ते पुसलं जातं, म्हणून पुष्कळांना वाटतं की काम झालं. आम्हीही आधी तेवढंच करून पाहिलं. पडदा शांत झाला, आणि चहा संपायच्या आत पोर्ट २३ च्या ओळी पुन्हा सरकू लागल्या. उघडं दार आणि जुना पासवर्ड तसाच असेल तर ते काही मिनिटांत परत येतं. मग नीट केलं. डीव्हीआरची लॅन वायर काढून तो बंद-चालू केला, राउटरवरचं उघडं पोर्ट बंद केलं, आपोआप पोर्ट उघडणारं यूपीएनपी बंद केलं, पासवर्ड बदलला, फर्मवेअर पेन ड्राइव्हवरून नवं चढवलं, आणि त्यानंतरच वायर जोडली. मोबाईलवरून कॅमेरे बघायला व्हीपीएन बसवला. त्या आठवड्यापासून रात्रीचा टीएक्स एमबीत आला. साहेब परत जुन्या, स्वस्त प्लॅनवर गेले.

तुम्ही हे करायला घ्याल तेव्हा काही खाचखळगे लागतील. वेगळं मशीन नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवरही व्हीएनस्टॅट बसतं, पण तिथे त्याची वही मेमरीत असते; पावसाळ्यात आपल्याकडे वीज जशी जाते, तशी ती वही रोज कोरी होईल. वही पेन ड्राइव्हवर ठेवा. अशा राउटरांना बहुधा स्वतःचं घड्याळ नसतं, आणि जुन्या डेस्कटॉपचा सेल गेलेला असतो; वेळ इंटरनेटवरून जुळते ना ते आधी बघा, नाहीतर रात्रीचे आकडे दुपारच्या नावावर पडतील आणि परत एखाद्या निरपराध माणसावर आळ येईल. व्हीएनस्टॅट आकडे जीआयबी या थोड्या मोठ्या एककात दाखवतं, पुरवठादार जीबीत मोजतो. त्याचे ३३०० जीबी म्हणजे तुमच्याकडचे साधारण ३०७३ जीआयबी. बिलाचं चक्र १ तारखेला सुरू होत नसेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये मंथरोटेट या शब्दापुढे तुमची तारीख घाला. आणि चोर कॅमेऱ्याऐवजी कॉम्प्युटर निघाला, तर त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर नेटहॉग्स चालवा. कुठला प्रोग्राम डेटा खातोय ते नावानिशी दिसतं.

मालकाची परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कवर यातलं काहीही चालवू नका. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्याला कलमं आहेत. स्वतःच्या ऑफिसात लावत असाल तर कर्मचाऱ्यांना सांगून लावा. आयएफटॉपमध्ये पत्ते दिसतात, कोणाचा मजकूर दिसत नाही, हेही त्यांना दाखवा.

२०२० मध्ये पनवेलला योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं. अशा ठिकाणी प्रत्येक पोर्टचा हिशेब सतत चालू असतो. दोन खोल्यांच्या ऑफिसाला तेवढा थाट नको, तासवार तक्ता पुरे. पुरवठादाराशी बोलायची वेळ आली की दिवसवार तक्त्याची महिन्याभराची प्रत समोर ठेवा आणि त्यांच्याकडचा तेवढ्याच तारखांचा वापर मागा. दोन्ही आकडे जुळले तर गळती तुमच्या घरात आहे, फार तफावत असेल तर त्यांनी उत्तर द्यायचं. डीव्हीआरसारखं काही सापडलं तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवा. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि बॉटनेट, म्हणजे अशी भाडोत्री फौज, साफ करायची मोफत साधनं सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रात २०१७ पासून मिळतात.