रक्त पातळ ठेवणारी गोळी घेताना

आपल्या हृदयात कृत्रिम झडप बसविली असल्यास, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिन किंवा असेनोकुमेरॉल दिले जाते. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणून ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी ठरल्या दिवशी करावीच. पालक, मेथी यांतील के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. भाजी सोडू नये. प्रमाण मात्र नेहमी सारखे ठेवावे. घरोघरी सहज घेतली जाणारी अंगदुखीची गोळी येथे घातक ठरू शकते; आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवल्यास घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. शौचास काळी झाल्यास, रक्तस्राव थांबत नसल्यास किंवा डोक्यास मार लागल्यास, वरून जखम दिसत नसली तरी, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून तत्काळ रुग्णालय गाठावे.