मूळ पाहा, मग माती ठेवा

परतवाड्यात मे महिन्याच्या तोंडावर गच्चीवरची भेदरं, म्हणजे टोमॅटो, संपतात. कुंडीत उरते चार बोटं खाली बसलेली काळी माती, आणि ती काही फेकवत नाही. गेल्या वर्षी मीही फेकली नाही. वाळलेली झाडं बुडातून कापली, ओंजळभर शेणखत घातलं आणि मृग लागताच त्याच कुंड्यांत भेंडी टोकली. पीक बदललं की रोग मागे राहतो, अशी पक्की समजूत होती.

जुलैत भेंडी वीतभर वाढून थांबली. दुपारी माना टाकायची, संध्याकाळी सावरायची. पाणी वाढवलं, खत दिलं. शेवटी एक झाड उपटलं, तर मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी.

चवळी-गवारीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्राच्या. नखाने सहज सुटतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात. इथे गाठ सुटेना, कारण मूळच सुजलं होतं. हे काम सूत्रकृमीचं. टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी, कारलं या सगळ्यांवर तो जगतो. बुडातून कापलेल्या झाडांची मुळं मातीतच राहिली, त्यांच्याबरोबर अंडीही.

म्हणून पीक संपलं की झाड मुळासकट उपटावं. मुळं पांढरी, स्वच्छ असतील तर माती मोकळी करून तिच्यात एक तृतीयांश कुजलेलं खत मिसळलं तरी पुरे. काळी माती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी मूळ न भिजवताच खाली निघून जातं. तेव्हा थोडी जाड वाळूही घालावी.

गाठी दिसल्या तर मात्र ऊन कामाला लावायचं. इस्राएलच्या याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी 1976 साली ओल्या मातीवर प्लास्टिक अंथरून उन्हाने रोगजंतू मारण्याची रीत मांडली. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, वर नवतपा. एवढं ऊन फुकट का घालवावं? मुळं वेचून माती ओलसर करावी, पारदर्शक पिशवीत वीतभर थरात भरावी, तोंड घट्ट बांधून स्लॅबवर चार ते सहा आठवडे ठेवावी. वाफ्यातला सूत्रकृमी खोल थंड थरात वाचतो. पिशवीत त्याला खाली जायला जागाच नसते. या तापण्यात उपयोगी जिवाणू-बुरशीही मरतात, म्हणून नंतर शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा बुरशी आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी.

गाठींची माती संत्र्याच्या बागेत किंवा धुऱ्यावर टाकू नये. मातीबरोबर सूत्रकृमीही तिथे पोचतो.

यंदा तापवलेल्या मातीत पुन्हा भेंडीच लावली. तिसऱ्या आठवड्यात एक रोप मुद्दाम उपटलं, मूळ पाण्यात खळबळून हातावर पसरलं. पांढरं होतं.