त्याने आपणहून सांगितलं तर

पुंडलिकनगरातल्या आई-बाबांनो, थोडं मनातलं बोलायचंय.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी पोराला टाकीकडं लक्ष ठेवायला सांगावं, त्यानं मोबाइलमध्ये रमावं आणि पाणी गच्चीवरून रस्त्यावर वाहावं! राग येणारच. पण हा विसर आहे. पुढचं पाणी येईपर्यंत बादल्या त्यालाच उचलायला लावा आणि विषय संपवा.

प्रगतिपुस्तकावर बाबांची खोटी सही केली, तर मात्र थांबून बघा. कमी गुणांवर हात उगारणाऱ्या घरात पोरं सही गिरवायला शिकतातच. आणि ते आपणहून येऊन सांगत असेल, तर त्या क्षणी आवाज चढवू नका, हात जोडून सांगते. खरं सांगूनही पकडल्याइतकाच मार बसणार असेल, तर पुढच्या वेळी ते कशाला सांगेल? रडून मागितलेल्या माफीपेक्षा पुढचे काही महिने ते कसं वागतं, ते बघा. आई-वडिलांना छळणारा पुंडलिक पुढं त्यांच्या सेवेत इतका रमला, की दारात आलेल्या विठ्ठलालाही त्यानं विटेवर थांबवलं. कथेचा भर या बदलावरच आहे.

माफ केलं म्हणजे मोकळीक दिली, असं नव्हे. दहावीतला मुलगा न विचारता स्कूटी घेऊन गेला, तर माफ करा, पण किल्ली कपाटात ठेवा. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

एकदा माफ केलं, की पाहुण्यांसमोर ते पुन्हा उकरू नका. 2015 चा बालन्याय कायदासुद्धा, काही अपवाद सोडले तर, मुलाची जुनी नोंद पुसून त्याला नवी सुरुवात देतो. मग घरानं वर्षानुवर्षे तेच का उगाळावं?

पण वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर टाकून तिला रडवलं असेल, तर माफ करणारे आपण कोण? आधी फोटो काढायला लावा. मग तिच्या आई-बाबांना विचारा आणि ते हो म्हणाले, तर पोराला घेऊन स्वतः जा. त्याच्या वतीनं बोलू नका. मुलीनं माफ करायला नकार दिला, तर तोही त्याला तिथं बसून ऐकू द्या.